कानातला खडा

पेंटर शिडीवरून पडला तो थेट शहाणीच्या पायाशी. आधी निळा रंग आला, मागून ब्रश आला, आणि सगळ्यात शेवटी, जरा विचार करून यावं तसा, तो स्वतः.

वर पाटी होती, 'तोल तपासणी केंद्र'. पहिले दोन शब्द रंगवून झाले होते. तिसऱ्याला हात घालायला म्हणून त्यानं मान वर केली आणि तोल गेला. जाताना आधाराला धरली तीही पाटीच. ती एका बाजूला कलली आणि तशीच राहिली.

"लागलं का?" शहाणीनं विचारलं. तिच्या पांढऱ्या कोटाची एक बाही निळी झाली होती.

"नाही... पण तुम्ही अशा गोल गोल का फिरताय?"

"मी उभी आहे."

"मग रस्ता फिरतोय."

"रस्ताही उभा आहे." ती वाकली आणि त्याच्या डोळ्यांत बघायला लागली. दुसऱ्या कुणी मुलीनं त्या डोळ्यांत बरंच काही पाहिलं असतं. तसे ते होतेही बघण्यासारखे. शहाणीला दिसलं ते इतकंच, की बुबुळं झटके देतायत, म्हणजे उजव्या कानाचं काम.

"आत या," ती म्हणाली. "पडलात ते योग्य दारात पडलात."

शहाणी हे काही तिचं नाव नव्हे. आत्यानं लहानपणी रागानं दिलं आणि ते चिकटलं. शहाणी तपासण्या करायची त्याच केंद्रात ही आत्या पुढच्या टेबलावर बसायची. पेशंटला नंबर द्यायची, आणि एखादा धडधाकट, कमावता, एकटा दिसला की शहाणीसाठी जाता जाता चौकशीही उरकून घ्यायची. अशी बरीच स्थळं बघून झाली होती.

"काही हललं का गं मनात?" आत्या दर वेळी विचारायची.

"काही नाही."

"दगड आहेस नुसता."

शहाणीला ते पटायचं. छातीत धडधड, पोटात खड्डा, डोकं हलकं... लोक ज्याला प्रेम म्हणतात त्या सगळ्याची तिच्याकडे तपासणी होती, आणि बहुतेकावर इलाजही.

पेंटरला टेबलावर बसवून तिनं नेहमीचं सांगितलं. "कानात खूप आत बारीक बारीक खडे असतात. आपण कुठे कललो, ते त्यांच्यावरून मेंदूला कळतं. त्यातला एखादा निसटून शेजारच्या नळीत शिरला, की कान म्हणतो फिरतोय, डोळे म्हणतात छे, आणि मेंदूचं होतं नवरा-बायकोच्या भांडणात सापडलेल्या पाहुण्यासारखं. दोघांनाही मान डोलावतो."

"आणि माणूस पडतो."

"माणूस पडतो."

पेंटरनं उजवा कान चाचपला. "लग्नाच्या बाबतीत मी कानाला खडा लावला होता. तोच आत गेला असेल."

शहाणी हसली नाही. हसली ती दुपारी, जेवताना, एकटीच.

तिनं त्याची मान उजवीकडे वळवली, कानांवर दोन्ही हात ठेवले आणि त्याला झटकन आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेखाली. "डोळे मिटायचे नाहीत. माझ्याकडे बघा."

"हे सगळ्यांना सांगता?"

"सगळ्यांना."

"अरेरे."

खोली फिरली, मग दमून थांबली. मान डावीकडे, मग त्याच कुशीवर, मग उठून बसायचं. खडा आपल्या घरी गेला.

"झालं?"

"झालं."

"इतक्यात?" तो म्हणाला. बरं झालेला माणूस इतका हिरमुसलेला तिनं पहिल्यांदाच पाहिला.

पुढच्या आठवड्यात तो परत आला. म्हणे, फिरतंय. शहाणीनं आडवं केलं आणि वाकून बघितलं. डोळे स्थिर होते. शांत... आणि तिच्यावर. आता जिभेला खोटं बोलता येतं, बुबुळांना नाही. हे झटके कुणी ठरवून देऊ शकत नाही. शिवाय कण्हायचं उजवीकडे वळल्यावर, तर हा कण्हला डावीकडे.

'तुम्ही ठणठणीत आहात' एवढंच म्हणायचं होतं.

"परत यावं लागेल," शहाणी म्हणाली. नोकरीतलं तिचं हे पहिलं खोटं.

तो येत राहिला. मान कधी वळवायची, किती थांबायचं, सगळं त्याला पाठ झालं. बाहेर पाटी तशीच अर्धी आणि तिरकी. केंद्राचे डॉक्टर आधी चिडले, मग त्यांना तिरक्या पाटीची सोय कळली. आलेल्या पेशंटला ते आधी विचारायचे, "पाटी कशी दिसते?" 'सरळ' म्हणाला की तपासणी नक्की.

"या पेंटरचा कान आहे की रस्त्याचं काम?" एक दिवस आत्या म्हणाली. "संपतच नाही ते."

"गुंतागुंतीची केस आहे."

"दिसतंय मला."

आणि मग एका सकाळी तो नुसता दारात उभा राहिला. "परगावी काम मिळालंय. उंच उंच पाट्या, सहा महिन्यांचं. उद्या निघायचंय. पण डॉक्टर म्हणाले, शिडीवर चढायचं का ते तुम्हाला विचारावं." तो थांबला. "चढू?"

नाही म्हणाली तर तो राहणार होता. पण जमिनीवर, हातात ब्रश घेऊन, एका खोट्याच्या आधारानं. शहाणीनं त्याला आडवं केलं, डावीकडे, उजवीकडे. डोळे ढळले नाहीत.

"चढा. तुमचा तोल ठीक आहे. पहिल्या दिवशीच ठीक झाला होता."

"...तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्ही चुकीच्या कानानं कण्हत होतात."

"मग परत का बोलवत होता?"

यावर काहीतरी करायला हवं होतं, म्हणून तिनं तपासणीच्या चष्म्याचा डबा उचलला आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायला मान वर केली. फळी फिरली. मागोमाग भिंत, खिडकी, सगळंच. छातीत धडधडलं, पोटात खड्डा पडला. तर हे असं असतं, तिला वाटलं. म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते.

"जाऊ नका," ती टेबल धरून म्हणाली. "तुम्ही जाताय म्हटल्यावर सगळं फिरायला लागलंय. मला असं कधी झालेलं नाही. मला... तुम्ही आवडता. फार."

पेंटरचा चेहरा उजळला. तो जवळ आला, तिच्या डोळ्यांत खोल बघितलं... आणि उजळलेला चेहरा हळूहळू विझला.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमची बुबुळं झटके देतायत."

"काय?"

"डावा कान वाटतोय."

"...खडा?"

"खडा."

दारात आत्या उभी होती. कधीपासून, ते तिनं पुढेही कुणाला सांगितलं नाही. "जन्मात एकदा काही हललं," ती म्हणाली, "तेही कानात."

पेंटरनं शहाणीला टेबलावर बसवलं. त्याच्या हातांना टर्पेंटाइनचा वास होता. "डोळे मिटायचे नाहीत. माझ्याकडे बघा." मान डावीकडे, आडवं, थांबायचं, मान उजवीकडे, कूस, उठायचं. एकही पायरी चुकली नाही. खोली थांबली.

"बरं वाटतंय?"

"हो."

त्यानं पिशवी उचलली. "मग ते मघाचं... खड्याचं होतं. मी मनावर घेत नाही."

"थांबा," शहाणी म्हणाली. "एका तपासणीवर निकाल देत नाहीत."

ती उठली. मान वर करून वरची फळी बघितली. फळी जागेवर होती. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. मग त्याच्याकडे. धडधड तशीच होती. पोटातला खड्डाही, जरा मोठाच.

"बघा. हलतायत डोळे?"

"नाही."

"नीट बघा."

"नीटच बघतोय..."

"तुम्ही आवडता," ती म्हणाली. "फार. कामाला जा. पण परत यावं लागेल."

"कशासाठी? माझा कान तर..."

"तुमचा नाही. या वेळी केस माझी आहे."

आत्यानं दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या पेशंटला सांगितलं, आज उशीर होईल.

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी पेंटर शिडीवर चढला आणि त्यानं 'केंद्र' रंगवून टाकलं. पाटी सरळ करू का, असंही विचारलं. डॉक्टर म्हणाले, आमच्या यंत्राला हात लावू नका.

"अहो, वरचा ठिपका राहिला," आत्या ओरडली.

"तो परत आल्यावर. त्याला मान फार वर करावी लागते. खाली ओळखीचं माणूस हवं."

ओळखीचं माणूस शिडी धरून खालीच उभं होतं. मान वर करून, केव्हाची बघत. आणि काहीही फिरत नव्हतं.