बंद न झालेली झडप

"माझ्या नवऱ्यामुळे माझा भाऊ गेला का, एवढंच मला सांगा," बाई म्हणाली. समोर ठेवलेल्या चहाकडे तिने पाहिलंही नाही.

वहिनींनी पेन खाली ठेवलं. त्या गुन्ह्यांचा छडा लावत आणि सारं शहर त्यांना वहिनीच म्हणे, कारण त्यांच्यासोबत सगळीकडे फिरणारे त्यांचे दीर चारचौघांत तशीच हाक मारत. दिरांना त्या भावोजी म्हणत. भावोजींची गाडी झकास चालायची. डोकं जरा सावकाश.

समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर भूकंपानंतर आग लागली होती. बाईचा धाकटा भाऊ तेलविहिरीच्या तोंडाशी होता, तो गेला. नवरा वर नियंत्रण कक्षात होता. भूकंप जाणवताच त्याने बटण दाबायचं. मग समुद्रतळाखाली नळीत बसवलेली झडप मिटते आणि तेल, वायू वर येत नाही. कंपनी म्हणत होती, त्याने बटण उशिरा दाबलं.

"ते स्वतः काय म्हणतात?"

"कबूल करतात. उद्याच्या चौकशीत तसं सांगणार आहेत. तुरुंगात जातील. पण गॅस बंद आहे का हे दोनदा बघितल्याशिवाय हा माणूस झोपत नाही हो. आग लागल्यापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोललेली नाही."

ती गेल्यावर भावोजी म्हणाले, "भूकंप तर एवढासा होता. मांडणीवरची भांडी नुसती किणकिणली. तेवढ्याने विहीर मोडते?"

"मोडू नये. म्हणून तर बघायचं."

नवरा इस्पितळात होता, दोन्ही हातांना बँडेज. मेहुण्याला ओढून काढताना भाजलं होतं. "मी घाबरलो, उशीर झाला," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "उगाच जेटीवरची अवजारांची खोली वगैरे धुंडाळू नका. तिथे काही नाही."

"बिचारा आपले हेलपाटे वाचवतोय," भावोजी बाहेर आल्यावर म्हणाले. वहिनींनी गाडी जेटीकडे घ्यायला सांगितली.

कंपनीचा तिथला साहेब गोड बोलणारा होता. "यंत्रणेत खोट नाही, वहिनी. बटण दाबलं की भोंगासुद्धा आपोआप वाजतो. दुसऱ्या कशानेही वाजत नाही. आणि इथे साधा स्क्रू माझ्या सहीशिवाय येत नाही. खोट माणसात होती."

अवजारांची खोली मेलेल्या भावाच्या ताब्यात असायची. भिंतीवर दोन लोखंडी दांडे टांगलेले होते, एक जाड, एक बारीक.

"हे कशाला?" वहिनींनी विचारलं.

"विहिरीच्या नळीत तारेवरून सोडतात. जाड दांडा सहज खाली गेला, की नळी ठीक," साहेब म्हणाला.

भावोजींनी जाड दांड्यावरून बोट फिरवलं. धुळीने घट्ट झालेलं जुनं ग्रीस बोटाला लागलं आणि त्यांचा रुमाल कामातून गेला. बारीक दांडा कोरा करकरीत होता. फक्त एका बाजूने वरपासून खालपर्यंत खरवडलेला.

बोटवाला बाहेर दोर गुंडाळत होता. "त्या दिवशी मी प्लॅटफॉर्मजवळच होतो. बोट खालून कुणी ठोसा दिल्यासारखी हादरली आणि लगेच भोंगा कोकलला. जाळ दिसला तो बऱ्याच वेळाने."

"माणसं प्लॅटफॉर्मच्या शिडीवर चढवताना जपावं लागत असेल?" वहिनींनी विचारलं.

"पूर्वी. ओहोटीला तर पहिली पायरी छातीपर्यंत यायची. आता ओहोटीलासुद्धा सरळ पाऊल टाकतात. खालच्या पायऱ्यांवर शिंपले चढलेत."

दुसऱ्या दिवशी चौकशीआधी वहिनींनी सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं. नवरा-बायको दोन टोकांना उभे राहिले.

"बटण वेळेवर दाबलं गेलं," वहिनी म्हणाल्या. "भोंगा बटणानेच वाजतो, आणि तो हादऱ्याबरोबर वाजला. जाळ नंतर आला. म्हणजे झडपेला हुकूम मिळाला होता. तिला मिटता आलं नाही."

"का?" भावोजींनी विचारलं.

"नळी वाकली होती. वर्षानुवर्षं तेल उपसल्यावर खालचा खडक दबतो, समुद्रतळ बसतो आणि त्यावरचा प्लॅटफॉर्मही. शिडी पाण्यात गेली ती त्यामुळे. असा तळ बसताना खडकाचे थर एकमेकांवर सरकतात आणि नळीला पिळतात. भूकंप लहानच होता, पण वाकलेली नळी फुटायला तेवढा पुरला. चेपलेल्या जागी झडप बसेना."

"हे आधी कळण्याचा मार्गच नव्हता," साहेब म्हणाला.

"होता. जाड दांडा अडकायला लागला होता, म्हणून तो धूळ खात पडला. मग बारीक घातला. तोही एका अंगाने घासत गेला, कारण नळी सरळ नव्हती. नळी ठीक आहे का हे बघायचं माप तुम्ही नळीच्या सोयीने बदललंत."

साहेबाने घसा खाकरला. "दांडा सोडणारा मी नव्हे. तो... गेला बिचारा."

"पण नवा दांडा तुमच्या सहीशिवाय आला नाही."

साहेब खुर्ची शोधू लागला. बोटवाल्याने ती पायाने बाजूला सरकवली.

बायको मात्र नवऱ्याकडे बघत होती. "माझ्या भावाने दांडा बदलला, हे तुम्हाला माहीत होतं?"

नवऱ्याने होकारार्थी मान हलवली. "त्याला वाटलं, एवढ्याने काय होतंय. काम अडलं की इथे सगळेच असं करतात."

"म्हणून तुम्ही स्वतःवर घेतलंत? मी जन्मभर तुमचं तोंड बघितलं नसतं, ते चाललं असतं?"

"चाललं नसतं," तो म्हणाला. "पण तू त्याच्यावर रागावली असतीस, तर समजूत काढायला तो नाही. मी निदान होतो."



"आता दोघांवरही रागावणार आहे," ती म्हणाली, आणि त्याच्या खांद्याला कपाळ टेकून, भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने रडू लागली.