शालीखालचं वाद्य

करंज्याहून आलेल्या त्या पत्राला प्रभाकररावांनी दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पुस्तकांच्या मागे सरकवलं की विसरता येईल, असं त्यांना वाटलं होतं.

पत्र शशिकला कोळी नावाच्या बाईंचं. सोबत एका जुन्या तैलचित्राची काळीपांढरी झेरॉक्स: मेजावर नारळ, तांब्या, दोन सीताफळं आणि शालीखाली अर्धं झाकलेलं तंतुवाद्य. ‘बाबा मुंबईला एका चित्रकाराकडे कामाला होते, त्यांनी दिलेलं चित्र, डाळिंबी शालीचं. रोज दुपारी हे वाद्य वाजतं, असं बाबा म्हणतात. नाव घेऊन सांगितलं तर थांबेल म्हणतात. नाव कळवाल का?’

वाजण्याची गोष्ट प्रभाकररावांनी हसून सोडून दिली होती. नावाची सोडता येईना. संग्रहालयात जुन्या चित्रांतली वाद्यं ओळखण्यात त्यांची तीस वर्षं गेली. पण एकदा छापील सूचीत इसराजाला दिलरुबा म्हणून बसले, ते लोकांनी निवृत्तीपर्यंत ऐकवलं. इथेही तोच पेच. मान, पडदे, खुंट्या दोन्हींच्या सारख्याच. फरक पोटात. दिलरुब्याचं चौकोनी, इसराजाचं गोलसर, कमरेत चिमटलेलं. आणि नेमकं पोटच शालीखाली.

शेवटी बायकोने, शोभाताईंनीच पत्रातला नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात कोंबला.

“वडील... कसे आहेत?” त्यांनी चाचरत विचारलं.

“हायत. पन दुपारचा डोळा लागत नाय. रडतात, सायेब.”

“खात्री झाली की फोनवर सांगतो...”

“लिवून धाडा. त्यांना ऐकू येत नाय, वीस वर्सं झाली. त्या वाद्याचं तेवढं येतं.”

त्यांनी फोन ठेवला.

“चुकलात तर फाशी देणार आहेत का?” शोभाताई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

त्यांनी झेरॉक्स काढली. दोन वर्षांपूर्वी तिच्यावरूनच गिरवलेला ट्रेसिंग पेपर वर ठेवला. नारळ नारळावर बसला. तांब्या तांब्यावर. खुंट्या जागच्या जागी. झेरॉक्समधली शालीची कड मात्र रेघेपेक्षा दोन बोटं खाली होती.

आपणच रेघ चुकवली असणार. स्वतःवर त्यांचा विश्वास नव्हताच. चष्मा पुसून त्यांनी नवी रेघ मारली, शेजारी तारीख घातली.

दुसऱ्या दुपारी ती रेघही चुकली होती.

खाली कुठेतरी बारीक घरघर चालली होती. सोसायटीचा पंप असावा.

तिसऱ्या दुपारी शाल मेजावर पडलेली होती.

पोट उघडं.

चौकोनी.

“दिलरुबा,” ते पुटपुटले. मग घसा खाकरून, समोरच्याला सांगावं तसं म्हणाले, “दिलरुबा. आता पुरे.”

घरघर थांबली.

“बरं झालं, पंप नीट केला एकदाचा,” आतून शोभाताई म्हणाल्या. “दोन वर्षं दुपारची झोप नव्हती मेली.”

प्रभाकररावांनी उत्तर लिहिलं: ‘वाद्य दिलरुबा आहे. खात्रीने सांगतो.’ खात्रीने हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच खोडला नाही. झेरॉक्स घडी करून पाकिटात घातली आणि विचुंब्याच्या नाक्यावरून रिक्षा धरून ते पोस्टात गेले.

पाकीट पेटीत पडल्याचा आवाज आला. छातीवरचं ओझं उतरलं. ऊन छान होतं. म्हातारा आज झोपेल, असं त्यांच्या मनात आलं.

चष्मा वर सरकवायला त्यांनी हात उचलला. अंगठ्याला ओला, डाळिंबी तेलरंग लागला होता.