जुनी मापं, नवा संच

महागावहून उमरखेडला निघालेल्या एसटीत मितालीच्या मांडीवर चार वर्षांची सलोनी, आणि सलोनीच्या मांडीवर वही. प्राध्यापक व्हायची सेट परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली. बाहेर श्रावणातला ऊन-पावसाचा खेळ सोयाबीनवर रंगलेला... आणि शेजारचा माणूस चक्क वहीत डोकावत होता!

"काहून हो, दुसऱ्याच्या वहीत पाहून राह्यले?"

"चुकलं म्हणून पाह्यलं, मॅडम." तो हसला. "मी मंदार. उमरखेडच्या कॉलेजात हेच गणित शिकवतो. ज्या संचाचं माप ठरतच नाही, त्याले सिग्मा-अल्जेब्रात, म्हणजे माप ठरलेल्या संचांच्या घरात, सामील केलं, तर त्याचं माप एकच येते, असं लिहिलं तुम्ही. तसं नाही. आतलं माप म्हणजे कमीत कमी, बाहेरचं म्हणजे जास्तीत जास्त. मधलं कोणतंही देता येते. आपण ठरवायचं!"

"आणि जुन्या संचांचं?"

"ते जसेच्या तसे. जुनं माप हललं, तर तो विस्तारच नव्हे."

मितालीनं रागानंच ओळ खोडली. पण कानावर आलेली बट सारताना हात उगीच थांबला...

मग दर रविवारी मंदार महागावला शिकवायला येऊ लागला. विमलताईंचा – मितालीच्या आईचा – चहा दोनदा व्हायचा. सेटचा निकाल लागला, मिताली पास झाली, तरी रविवार काही चुकेना! शेवटी एकदा त्यानं लग्नाचं विचारलंच.

मितालीचा जीव धास्तावला. तिचा नवरा श्रेयस, त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. मंदारला घरात घेतलं, तर सलोनीच्या मनातला तिचा बाबा पुसट तर होणार नाही? "पुढच्या रविवारी सांगते," एवढंच ती म्हणाली.

त्या रविवारी तिघं बाजाराला निघाली. सलोनीनं घाईघाईत चपला घातल्या, फाटकापर्यंत पोचलीसुद्धा.

"थांब वं पोरी," मंदारनं हाक मारली. "बाबाले टाटा नाही केला आज?"

सलोनी जीभ चावत परत पळाली. भिंतीवरच्या श्रेयसच्या फोटोला तिनं दोन्ही हातांनी टाटा केला. मंदार दाराशी उभा – कसलीच घाई नसल्यासारखा.

मितालीचे डोळे भरले, आणि हसूही आलं.

"सर, जुनी मापं जशीच्या तशी. नवा संच घ्यायचं ठरलं."

तो गडबडला. "मले... अगदी आतलं माप दिलं तरी चालते."

"कायले?" तिनं त्याच्या हातातली पिशवी ओढून घेतली. "बाहेरचंच देते. जास्तीत जास्त!"