वाकळीखालची गाडी

त्र्यंबक हुपरीकर हा राजारामपुरीतल्या एका शाळेचा ड्रॉइंग मास्तर. माणूस पट्टीनं आखल्यासारखा. शनिवारी सकाळची शाळा, येताना भाजी, दुपारी तासभर झोप आणि संध्याकाळी स्कूटर पुसायची. असा माणूस एका शनिवारी झोप टाकून जुनी विलायती गाडी बघायला निघाला, तेव्हा उद्यमनगरातल्या बाळासो मिस्त्रीलाही हसू आलं. खरं तर खबर त्यानंच आणली होती.

"कसबा बावड्यात एक माई हाईत. त्येंच्या पोराची एम.जी. हाय, लाल, दोन शिटांची. अठरा वर्सं शेडात उभी हाय. आता इकायची म्हणत्यात."

त्र्यंबकला ती गाडी ठाऊक होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी रंकाळ्यावर फिरताना ती शेजारून भुर्रकन गेली होती. लीला तिथंच थांबली आणि म्हणाली, "अशा गाडीत एकदा तरी बसवा मला." हा म्हणाला, "बसवतो की." पुढं वीस वर्षं तो घरातला विनोदच झाला. टेंबलाईच्या चढाला स्कूटर धापा टाकायला लागली की लीला मागून विचारायची, "तुमची लाल गाडी कुठवर आलीय हो?"

गेल्या भाद्रपदात कावीळ झाली आणि बावीस दिवसांत लीला गेली. आता फाल्गुन लागला होता, आणि लाल गाडी आली होती. गाडी घेऊन करायचं काय, हे त्र्यंबकला कळत नव्हतं. न घेता जगायचं कसं, हेही कळत नव्हतं. शब्द दिला होता, आणि जिला दिला तीच नव्हती.

बावड्यात साखर कारखान्याचा हंगाम संपत आला होता. मळीचा आंबूस वास अंगणापर्यंत येत होता. माई सत्तरीच्या, बारीक चणीच्या. नऊवारी लुगडं नीटनेटकं, बोलणं तोलून मापून. त्यांनी शेडाची कडी काढली. आत शेणानं सारवलेली जमीन, एका कोपऱ्यात कडबा, पत्र्याच्या भोकांतून आलेलं ऊन. मधोमध लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली गाडी. चाकं काढून भिंतीशी रचून ठेवली होती. बसायच्या जागेवर जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ अंथरली होती. बाळासोनं ती बाजूला सारली, तशी अर्धी वाकळ सीटमागच्या चिंचोळ्या जागेत घसरली.

लाल रंग फिकटला होता, पण गंज नव्हता. बाळासो खाली वाकला, वर चढला, हँडल घालून इंजिन फिरवून बघितलं.

"इंजिन जाम न्हाय, मास्तर. ठोकळ्यावर ठेवली म्हणून स्प्रिंगची पाटं बी वाचल्यात. चार म्हैनं द्या, रंकाळ्याला चक्कर मारून आणतो."

डाव्या बाजूची सीट मात्र घासून चकचकीत झाली होती. त्र्यंबकचं लक्ष तिकडं गेलेलं बघून माई म्हणाल्या, "मी बसते तिथं. दुपारची."

त्यात नवल काय? पोराची गाडी, आई बसणारच.

त्र्यंबकची एक रीत होती. जुनी गाडी चालू करून बघण्याआधी नुसती बसून बघायची. दार लावायचं, हात स्टिअरिंगवर ठेवायचे आणि दहा मिनिटं गप्प बसायचं. गाडी आपली की परकी, ते कळतं म्हणे. शाळेतल्या हेडमास्तरांची जुनी फियाट त्यानं अशीच बसून नाकारली होती. तो उजवीकडं बसला. कातड्याचा वास, उंदरांचा वास, मळीचा वास. मग मधूनच शिकेकाईचा वास आला.

डाव्या खांद्यावर मागून दोन बोटं टेकली.

दाबली नाहीत, नुसती टेकली. लीला स्कूटरवर मागं बसली की अशीच टेकायची. वेग वाढला की तीच बोटं रुतायची. तोंडानं "सावकाश" म्हणायची नाही कधी. वीस वर्षांत त्र्यंबकच्या खांद्याला ती भाषा पाठ झाली होती.

त्यानं मान वळवली. मागं सीटच नव्हती. चिंचोळी जागा, त्यात घसरलेली वाकळ.

"काय झालं, मास्तर? घाम फुटलाय," बाळासो म्हणाला.

"उकडतंय," त्र्यंबक म्हणाला, आणि उतरला.

घरी आल्यावर त्यानं स्वतःला चांगलं फैलावर घेतलं. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते खोटं नाही. जिवंतपणी गाडीत बसवली नाही आणि आता बोटांचे भास होतायत. शिकेकाई काय, माईसुद्धा लावत असतील. रविवार गेला, मग दोन दिवस त्यानं मुलांना ठोकळाचित्रं शिकवली. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर स्कूटर आपोआप बावड्याकडं वळली.

माई अंगणातच होत्या. त्यांनी चहा दिला नाही, पाणी विचारलं नाही. समोर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्हालाही लागली ना बोटं?"

 त्र्यंबकनं मान हलवली.

"मग ऐका. गाडी घ्यायच्या आधी तुम्हाला कळायला हवं. वसंताला वेगाचं फार वेड होतं. एकसष्ट साली एक दिवस मी गाडीची किल्ली डाळीच्या डब्यात लपवली. म्हटलं, आज तरी घरी राहील. तर तो मित्राच्या मोटारसायकलवर मागं बसून गेला, पन्हाळ्याला. मित्र वाचला. तो मला सांगत होता, माई, वसंत सारखा कानाशी म्हणत होता, 'हाण की, हाण की.'"

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. अठरा वर्षांत ते आटलं असावं.

"किल्ली अजून डब्यातच आहे. वर्ष झालं आणि मी गाडीत बसायला लागले. शेजारी तो असायचा. दिसायचा नाही, पण असायचा. आईला कळतं. सतरा वर्षं एक दुपार चुकली नाही. गेल्या दिवाळीपासून तो येत नाही. मागून एक बाई येते. कोण, कुठली, ठाऊक नाही. वाईट नाही हो ती, नुसती दोन बोटं टेकते. पण माझा वसंता तिला बुजला बहुतेक. तो येणार नसेल तर गाडी ठेवून मी काय करू? म्हणून विकते."

"दिवाळीत काय बदललं?" त्र्यंबकनं विचारलं. ड्रॉइंग मास्तर तो, रेघ कुठं वाकली ते आधी बघणार.

"काही नाही. ताडपत्री उंदरांनी खाल्ली, म्हणून धोंडुबाईकडून वाकळ शिवून घेतली."

त्र्यंबक उठला आणि शेडात गेला. वाकळ उचलून उन्हात धरली. सात-आठ लुगड्यांचे तुकडे होते. वरच्या अंगाला बारीक चौकडीचं हिरवं इरकल, आणि त्याच्यावर तळहाताएवढा काळा डाग. ड्रॉइंगची शाई. बारा वर्षांपूर्वी त्याच्याच हातून दौत लवंडली होती. लीलानं लिंबू लावलं, ताक लावलं, डाग गेला नाही. मग ते लुगडं ती घरात नेसायची आणि म्हणायची, "मास्तरांनी सही केलीय."

लीला गेल्यावर आठवड्याच्या आत धोंडुबाई दारावर आली होती. गावोगावची जुनी लुगडी गोळा करून वाकळा शिवायचा तिचा धंदा. हिरवं इरकल हातात धरून ती म्हणाली होती, "एखादं ठेवा की, मास्तर. घरात बाईमाणसाचं लुगडं असावं." आणि यानं कपाट उघडून पाठ फिरवली होती. "सगळी ने. एकही ठेवू नकोस." बघवत नव्हतं म्हणून. त्या दिवसाची लाज त्याला आत्ता, इथं, भर उन्हात वाटली. घरात त्यानं बायकोचा एक पदरही ठेवला नव्हता.

"माई," तो म्हणाला, "ही माझी बायको आहे."

माईंनी डागाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"गाडी राहू द्या. गाडी मला नको. मला ही वाकळ द्या. ती गेली की तुमचा वसंत येईल."

माईंचा चेहरा एकदम उजळला, आणि लगेच हात वाकळीवर गेला. "यात आत वसंताचा शर्ट आहे. तेराव्याला मी सगळं वाटून टाकलं होतं. हा एकच परटाकडं राहिला होता, म्हणून वाचला. धोंडुबाईला भर म्हणून घालायला दिला."

"काढून देतो," त्र्यंबक म्हणाला. खरं तर त्याला निघायची घाई झाली होती.

माईंनी टाके चाचपले. दोरा सगळ्या थरांतून आरपार, कडेपासून मध्यापर्यंत फिरत गेलेला. एक तुकडा सोडवायचा तर सगळी वाकळ उसवायला हवी.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "शर्टात काय आहे? तो गाडीत यायचा."

त्र्यंबकनं वाद घातला नाही. घालायला हवा होता.

वाकळीची घडी करून त्यानं स्कूटरच्या मागच्या सीटवर ठेवली, दोरीनं बांधली आणि निघाला. ऊन कलतं होतं. उसाच्या बैलगाड्या रस्त्याच्या कडेनं चालल्या होत्या. पहिल्या वळणालाच दोन बोटं खांद्यावर टेकली. त्र्यंबकचे डोळे भरून आले. सहा महिन्यांत त्याला असं बरं वाटलं नव्हतं.

"चाललोय गं, सावकाशच चाललोय," तो मोठ्यानं म्हणाला. बैलगाडीवाल्यानं वळून पाहिलं.

पुढं रस्ता मोकळा होता.

कानाशी, अगदी जवळून, कुणीतरी म्हणालं, "हाण की."

तरुण आवाज होता. हसरा.

त्र्यंबकचं मनगट वळलं. त्यानं वळवलं नव्हतं. स्कूटर पुढं उसळली आणि खांद्यावरची बोटं रुतली. समोरून ट्रक येत होता.

"हाण की."

त्यानं दोन्ही ब्रेक एकदम दाबले. स्कूटर घसरत कडेला गेली आणि बंद पडली. ट्रक हॉर्न देत निघून गेला. त्र्यंबक कितीतरी वेळ पाय टेकून तसाच बसून राहिला. खांदा दुखत होता.

घर दोन मैलांवर होतं. घरी लीला आली असती, कायमची. आणि तिच्याबरोबर, शर्टासकट त्याच वाकळीत शिवला गेलेला, दुसऱ्या एका बाईचा मुलगा. ती बाई या वेळी रिकाम्या गाडीत बसून त्याची वाट बघत असणार. घरी जावं असं त्याला फार वाटलं. खोटं कशाला सांगा, फारच वाटलं.

त्यानं स्कूटर फिरवली. चालू करायची हिंमत झाली नाही. ढकलत निघाला. रिकामी स्कूटर आणि एक वाकळ, एवढंच वजन. तरी दर पन्नास पावलांवर थांबावं लागत होतं, डबल सीट ढकलल्यासारखं.

शेडाचं दार उघडंच होतं. माई डाव्या सीटवर बसल्या होत्या. वळल्या नाहीत.

"कुणी नाही हो, मास्तर," त्या म्हणाल्या. "आता तर कुणीच नाही."

त्र्यंबकनं वाकळ सोडली, सीटमागच्या चिंचोळ्या जागेत नीट पसरली, शाईचा डाग वर ठेवून. मग उजवीकडं बसला आणि दार लावलं. दोघं समोर बघत राहिले. थोड्या वेळानं शिकेकाईचा वास आला. खांद्यावर बोटं टेकली. आणि माईंचा श्वास अडकला.

"ऐकलंत?"

"ऐकलं."

"काय म्हणतोय, सांगा ना. मी पुन्हा ऐकते, पण तुम्ही सांगा."

"हाण म्हणतोय."

माईंनी मूठ उघडली. तळहातावर किल्ली होती. तिला तूरडाळीची भुकटी चिकटलेली होती.

"मी त्याला कधी मनासारखी पळवू दिली नाही," त्या म्हणाल्या. "आज थोडी हाणा. माझ्यासाठी."

गाडीला बॅटरी नव्हती. पेट्रोलची टाकी अठरा वर्षं कोरडी होती. चाकं भिंतीशी रचलेली होती, त्र्यंबकला ती समोर दिसत होती. म्हातारीचं मन राखावं म्हणून त्यानं किल्ली घातली, फिरवली आणि पाय हळूच खाली दाबला.

काहीच झालं नाही. पत्र्यातून आलेलं ऊन सारवलेल्या जमिनीवर तसंच पडलं होतं.

फक्त लीलाची दोन बोटं हळूहळू त्याच्या खांद्यात रुतायला लागली.