वादळखोलीचं दार

हर्णैच्या किनाऱ्यावर आता कुणी गॅरेज बांधत नाही. वादळखोली बांधतात आणि एरवी तिच्यात गाडी ठेवतात. वर्षाला चार-पाच चक्रीवादळं येऊ लागल्यापासून हा नियमच झाला आहे. खोली जमिनीसकट एकसंध ओतलेली असते, आत एक गाडी आणि चार माणसं मावतात. दर महिन्याला सरावाचा भोंगा वाजतो. तो वाजला की आत असेल त्याने दार लावून घ्यायचं आणि अर्ध्या तासाने उघडायचं.

दसऱ्याच्या सकाळी आठ वाजता भोंगा वाजला, तेव्हा शशिकांत पेवेकर पूजेसाठी गाडी पुसत होते. मत्स्य विभागातून निवृत्त झालेले, अडुसष्ट वर्षांचे, नियमाचे पक्के. त्यांनी दार लावलं आणि आत गाडी पुसणं चालू ठेवलं. साडेआठला बटण दाबलं. मोटर घरघरली, दार हललं नाही.

त्यांच्या पत्नी हेमलताबाईंना हे कळलं ते नऊ वाजता, आतून धडधड ऐकू आल्यावर. त्यांनी बाहेरचं बटण दाबलं. रिमोटचे सेल बदलले. दाराखाली काही अडकलंय का पाहायला वाकल्या. शेजारचे दोघे आले, त्यांनी रुळात खोबरेल ओतलं. वीज बंद करून आतली साखळी ओढायची असते, हे कुणाला तरी आठवलं.

"साखळी ओढा!" हेमलताबाई ओरडल्या.

"काय?"

"साखळी! मोटरजवळची!"

"तुटली मघाशीच!" आतून आवाज आला. "इक्बालला बोलव!"

त्यांचं कानाचं यंत्र घरात चार्जरवर होतं. मोबाइलची रेंज त्या भिंतीतून जात नसे.

इक्बाल परकार दापोलीहून आला. तालुक्यातल्या बहुतेक वादळखोल्यांची दारं त्यानेच बसवली होती. तेव्हा अंगणात वीसेक माणसं जमली होती, आणि प्रत्येकाचं काही ना काही मत होतं.

"वहिनी, मोटर ठीक आहे. रूळ ठीक आहेत," तो म्हणाला. मग खिशातून पातं काढून त्याने दार आणि चौकट यांच्या मधल्या फटीत घालायला घेतलं. पातं वर नेलं, खाली आणलं. दुसऱ्या बाजूला गेला. परत आला.

"काय झालं रे?"

"फट नाही, वहिनी."

"म्हणजे घट्ट बसलंय?"

"घट्ट नाही. फटच नाही. दार कुठे संपतं आणि चौकट कुठे चालू होते, तेच सापडत नाही."

त्याने ग्राइंडर लावला. वीतभर चीर पाडून पुढे सरकला, तर मागची चीर पाच मिनिटांत भरून आली होती. हात फिरवला तर तिथे दंडावरच्या जुन्या जखमेसारखा उंचवटा लागला. त्याने ग्राइंडर खाली ठेवला आणि पुण्याला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

फोनवर डॉ. अनघा टिल्लू होत्या. या खोल्या आणि त्यांची दारं ज्या पदार्थाची ओततात, ती सांधशिला, त्यांच्याच प्रयोगशाळेत तयार झाली होती. नाव त्यांनीच ठेवलं होतं, कारण हा दगड स्वतःला सांधतो. त्यात असा एक रासायनिक घटक आहे की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल शोषतो आणि त्यापासून नवा दगड बनवतो. वादळात भिंतीला तडा गेला की आत बसलेल्या माणसांच्या उच्छ्वासावर तो बुजतो. बाहेरच्या हवेत हा वायू फार विरळ असतो, उच्छ्वासात त्याच्या शंभरपट. म्हणून खोलीत माणसं असली की ती भराभर दुरुस्त होते. या कल्पनेचं फार कौतुक झालं होतं.

"दाराच्या आणि चौकटीच्या कडांना राखाडी पापुद्रा होता का?" डॉ. टिल्लूंनी विचारलं.

"मळ होता," हेमलताबाई म्हणाल्या. "घटस्थापनेच्या आधी घासून काढला. धुण्याचा सोडा लावून, काथ्याने. यांनी स्टूल धरलं होतं, मी वर घासत होते. दोन दिवस लागले."



"तो मळ नव्हता, बाई. त्याला अलिप्ती म्हणतात. तो लेप कडांवर असतो म्हणून सांधशिलेला कळतं की ही फट मुद्दाम ठेवली आहे. तो नसला की तिच्या लेखी दार ही जखम असते. तिने ती भरली."

"सांगायचं तरी कुणी!"

"पुस्तिकेत आहे. त्रेसष्टाव्या पानावर."

"इंग्रजीत," इक्बाल म्हणाला.

डॉ. टिल्लूंनी वाद घातला नाही. त्यांनी इक्बालला सांध्याची जाडी मोजायला सांगितली. मूळची पाच सेंटिमीटर. ध्वनीच्या मापकावर आली आठ.

"रत्नागिरीहून यंत्र पाठवतेय," डॉ. टिल्लू म्हणाल्या. " चारही कडा एकदम कापतं. भेग भरायच्या आत, पाच मिनिटांत, दार ओढून काढायचं. सहापर्यंत पोचेल. पण त्याची पाती बारा सेंटिमीटरच आत जातात."

"आत्ता तर आठच आहे ना?" हेमलताबाई म्हणाल्या.

"बारा वाजलेत. ते सांध्याला तोंड लावून ओरडत राहिले तर तासाला एक सेंटिमीटर वाढेल. सहा वाजता चौदा. मागच्या भिंतीशी गप्प बसून राहिले तर तासाला दोन मिलिमीटर. मग जमेल. आणि अंगणातली माणसं दूर करा. त्यांचे श्वासही बाहेरून तेच करताहेत."

हेमलताबाईंनी माणसं फाटकापर्यंत मागे हटवली. कुणी वाईट वाटून घेतलं, कुणी म्हणालं की आम्ही मदतीलाच आलो होतो. मग त्या दाराशी गेल्या आणि तोंडावर पदर धरून ओरडल्या, "ओरडू नका! मागे जाऊन बसा!"

"काय?"

"गप्प बसा! श्वास लागतो भिंतीला!"

"काय लागतं? मोठ्याने बोल! दुपारची गोळी राहिलीय माझी!"

गोळी हृदयाची होती, जेवणाच्या टेबलावर होती. इक्बालने बोटाएवढं भोक पाडून ती आत सरकवायचा प्रयत्न केला. गोळी निम्म्यावर गेली तोवर भोक आवळलं. जाडी आठ पूर्णांक चार झाली.

दाराकडून आवाज आला की पेवेकर आतून ओरडत. लोखंडी कांबीने ठोकून पाहिलं. त्यांना वाटलं सुटका होतेय, ते दुप्पट जोराने ओरडले आणि आतून ठोकू लागले. प्रत्येक वेळी इक्बाल मापक लावायचा आणि आकडा मोठ्याने सांगायचा. पुढे मोठ्याने सांगायचं बंद केलं.

एक वाजता नऊ पूर्णांक तीन.

"मॅडम, त्यांना ऐकूच येत नाही," तो फोनवर म्हणाला. "आम्ही काही केलं की ते जवळ येतात."

"मग काही करू नका."

"म्हणजे?"

"आवाज नको, ठोकणं नको. बाहेर कुणी नाही असं वाटलं तरच ते दारापासून हलतील."

इक्बालने फोन खाली धरला आणि हेमलताबाईंकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. त्या आंब्याखाली, दारापासून चाळीस पावलांवर, उलट्या घमेल्यावर जाऊन बसल्या.

आतून हाका येत राहिल्या. "अगं! आहेस ना?" मग इक्बालचं नाव. मग, "कुठे गेलात सगळे?" ऑक्टोबरचं ऊन खोलीवर सरळ पडत होतं. हेमलताबाईंनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. एकदा त्या उठल्या. इक्बालने नुसती मान हलवली, त्या परत बसल्या.

"आज सण आहे गं," आतून ऐकू आलं. आवाज खाली आला होता. "अशी चेष्टा करतात का?"

अडीच वाजता हाका थांबल्या. इक्बाल अनवाणी, श्वास रोखून दारापर्यंत गेला आणि मापक लावून आला.

"दहा पूर्णांक चार."

साडेतीनला दहा पूर्णांक सहा. तासाला दोन मिलिमीटर, डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं तसंच. फाटकाशी उभी असलेली माणसं हळू आवाजात बोलू लागली. कुणीतरी हेमलताबाईंना चहा आणून दिला.

साडेचारला दहा पूर्णांक सहा.

"वाढलीच नाही!" इक्बाल म्हणाला. आनंदाने त्याचा आवाज चिरकला. "वहिनी, अजिबात वाढली नाही!"

त्याने पुण्याला कळवलं. डॉ. टिल्लूंनी मापक पुन्हा लावायला सांगितलं, दोन वेगळ्या जागी. आकडा तोच आला. त्यांनी ठीक आहे म्हटलं आणि यंत्र कुठवर आलंय ते विचारलं.

यंत्र सहाला दहा मिनिटं कमी असताना आलं. पाती त्या जाडीला सहज पुरली. चार मिनिटांत चारही कडा कापून झाल्या आणि दोर लावायला माणसं धावली. धावपळीत एक दोर आकड्यातून निसटला. तो पुन्हा ओवायला दहा मिनिटं लागली, आणि तोंडावर फडकी धरलेले सगळे घाबरून भेगेकडे पाहत राहिले.

"भरतेय का?" फोनवरून डॉ. टिल्लूंनी विचारलं.

"नाही मॅडम," इक्बाल म्हणाला. "उघडीच आहे. नशीब बघा."

हेमलताबाई तोंडावर पदर धरून भेगेशी येऊन उभ्या होत्या. त्यांनी दगडाच्या ताज्या कडेवर बोट ठेवलं आणि आतल्या श्वासाने ती भरून यायची वाट पाहत राहिल्या.