मळवायचं काम मामीचं

खोटं सांगून मला काय मिळणार? माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलंय हे. आणि अंधारबिंधार काही नव्हता, लख्ख दुपार होती. जागा म्हणजे त्यांच्या घरातली मागची खोली. एक टेबल, दोन खुर्च्या.

मामा कवळ्या बनवायचे. जन्म गेला लोकांच्या तोंडात दात बसवण्यात. काम सोडल्यावर हात शिवशिवायला लागले, म्हणून प्लॅस्टिकचे वीतभर रणगाडे जोडायला बसले.

"दात संपले, आता तोफा!" मामी हसली.

मग एक दिवस रंगवलेला रणगाडा उचलून म्हणाली, "अहो, हा लढाईला चाललाय की लग्नाला?"

तेव्हापासून कामं वाटली गेली. जोडायचं, रंगवायचं मामांनी. मळवायचं मामीनं.

जिला घरात धुळीचा कण खपायचा नाही, ती बाई कुंडीतली माती जुन्या चहाच्या गाळणीतून चाळायची, गोंदाच्या पाण्यात कालवायची आणि चाकांना चिखल लावायची. एक थर. तो वाळला की दुसरा. मग गंज. मामांनी घाई केली की म्हणायची, "वाळू द्या हो जरा. गाडी चुकतेय का आपली?"

शेवटचं काम ठरलेलं. मऊ पेन्सिलीनं वरच्या झाकणाची कड घासायची. "इथे हात टेकून पोरं बाहेर पडतात ना. हात लागून लागून लोखंड उजळतं."

ती कड चमकली की रणगाडा पूर्ण. मामी उठायची, हात धुवायची आणि परत त्याला बोट लावायची नाही.

शेवटच्या रणगाड्याचा हिरवा रंग झाला, त्या संध्याकाळी ती म्हणाली, "उद्या चिखल लावते."

झोपेतच गेली.

रणगाडा कोराच राहिला. मामांनी खोलीचं दार ओढून घेतलं ते घेतलंच.

महिना उलटला. एका दुपारी मामा बाहेरच्या खोलीत पडले होते. घरात दुसरं कोणी नाही.

टक... टक... टक...

वाटीच्या काठावर गाळणी आपटल्याचा आवाज.

मामा धावले. दार उघडलं.

कोणी नव्हतं...

पण चाकांना बारीक चिखल लागला होता. मामांनी बोट लावलं.

ओला होता.

दुसरा कोणी असता तर बोंब मारत पळाला असता. मामा खुर्चीत बसून हमसाहमशी रडले. मग डोळे पुसून त्यांनी तिची खुर्ची ओढून ठेवली, वाटीत पाणी भरलं आणि बाहेर येऊन दार लावून घेतलं. तिला काम करताना कोणी टक लावून बघितलेलं आवडायचं नाही.

दुसरा थर आला. मग मध्ये नुसतीच शांतता. वाळायला वेळ नको? मग पुन्हा टक... टक... टक...

मामा दाराबाहेर बसून तिच्याशी बोलायला लागले. जेवायलाही लागले. आम्हाला वाटलं, चला, सावरले.

मग गंज आला. तोफेच्या नळीच्या टोकाला, चाकांवरच्या साखळीला, अगदी तिच्या हातचा.

आणि मामांना तिचं ते उठून हात धुणं आठवलं. आता राहिली होती फक्त पेन्सिल.

त्या दिवशी त्यांनी रणगाडा नळाखाली धरला. कवळ्या घासायच्या ब्रशनं सगळा चिखल, सगळा गंज खरवडून काढला. "परत लाव गं," ते म्हणत होते. "सावकाश लाव. मला कुठे जायचंय?"

कोरा रणगाडा टेबलावर ठेवला. दार लावलं.

काही नाही...

आठवडा गेला. गाळणी वाजली नाही. मामा दाराला कान लावून बसायचे. "चिडलीस का?" विचारायचे.

आणि एका दुपारी...

सर्र... सर्र... सर्र...

पेन्सिल!

मामांनी दार ढकललं. आधी रणगाडा पाहिला. कोरा होता. झाकणाची कडही कोरी. त्यांचा जीव भांड्यात पडला. म्हणजे अजून सगळंच बाकी आहे!

मग दिसलं, टेबलावर पेन्सिल नाही.

ती उंबऱ्याजवळ पडली होती.

मामांनी मान वर केली. दाराच्या आतल्या बाजूची लाकडी कड, मामीचा हात पोचेल तेवढ्या उंचीवर, चमकत होती. बाहेर पडताना हात टेकतो ना, बरोबर तिथे.

त्यानंतर त्या खोलीतून आवाज आलेला नाही.

मामा ती कड कोणाला पुसू देत नाहीत. परवा मी गेलो तेव्हा रणगाडा तसाच कोरा होता आणि मामा दारात उभे होते, त्या चमकत्या जागेच्या अगदी जवळ हात नेऊन, पण न टेकवता. मी म्हटलं, "मामा, चला, बसा."

"थांब रे," ते म्हणाले. "वाळू दे."