मास्तरांची कानस

बसा पोरांनो, सावकाश सांगतो. ही माझ्या साडूची गोष्ट. तो गिटार दुरुस्त करतो. रचून सांगायला त्याला जमत नाही, घरी उशिरा आला तरी कारण सुचत नाही.

सतरा नोव्हेंबर, रविवार, रात्रीचे नऊ चाळीस. दुरुस्त झालेली एक गिटार पोचवायला तो निघाला. दोन गल्ल्या पलीकडे, तिसरा मजला. काम एवढंच.

गिटार मास्तरांची, ते वाजवायला शिकवायचे. मास्तर जाऊन नऊ महिने झाले होते. मला सुरातलं काही कळत नाही, पण साडूनं सांगितलं ते लक्षात ठेवा. हे वाजवणारे उजव्या हाताची नखं वाढवतात, त्यांनी तार छेडायची. डाव्याची मुळापर्यंत कापतात, कारण त्या बोटांनी तार दाबायची. तिथं नख वाढलं की वाजवणं बंद.

म्हातारपणी मास्तरांचे हात थरथरायला लागले. पण डोक्यात एक रचना होती, अकरा वर्षं घोळवलेली. ते गुणगुणायचे, शिष्य लिहून घ्यायचा. शिष्यानं ती छापली आणि वर नाव घातलं स्वतःचं.

मास्तरांनी विचारलं, "माझं नाव राहिलं का रे?"

"मास्तर, वाजवणार कोण? मीच ना?"

मास्तरांना वाजवता येत नव्हतं, तरी रोज संध्याकाळी बारीक कानशीनं उजव्या हाताची नखं घासत बसायचे. खस्... खस्... जाईपर्यंत.

त्या रचनेवर शिष्याचं नाव गाजलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या सभागृहात तीच वाजवायची होती, तीही मास्तरांच्या गिटारवर. त्यांच्या बायकोशी गोड बोलून आणली होती.

शिष्याच्या घरी पोचून साडूनं गिटारची पेटी उघडली. समोर स्टँडवर त्या रचनेची छापील वही. साडू म्हणाला, "साहेब, उद्या एकदा मास्तरांचं नाव घ्या."

शिष्य हसला. "मिस्त्री, तुम्ही खुंट्या पिळा. मेलेल्याला टाळ्या ऐकू येतात होय?"

त्यानं गिटार मांडीवर घेतली. वाजवू लागला. चार ओळी झाल्या आणि तार किरकिरली.

"काय हो, ही दुरुस्ती?"

साडूनं सगळं तपासलं. सगळं घट्ट. आत काही नाही.

पुन्हा सुरू. पुन्हा किरकिर.

मग आवाज आला. गिटारच्या पोटातून.

खस्... खस्...

शिष्याचे हात थांबले. आवाज थांबला नाही.

"मिस्त्री... तुम्ही?"

साडूचे दोन्ही हात रिकामे.

शिष्यानं डावा हात दिव्याखाली धरला. सकाळीच कापलेली नखं... बोटांच्या बाहेर आलेली. उजवा पाहिला. तिथं नखं उरलीच नव्हती. घासलेली. पार मांसापर्यंत.

नेलकटर सापडलं. तो कापू लागला. करंगळीपर्यंत पोचला, तोवर पहिल्या बोटाचं नख पुन्हा वाढलेलं.

खस्...

"साहेब, नाव घ्या. आत्ता घ्या."

शिष्यानं तोंड उघडलं...

"माझी आहे ती," तो म्हणाला. "माझीच."

आवाज थांबला.

...

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं, तसंच रिकामं झालं. त्यानंतर तो वाजवूच शकला नाही. डाव्या हातात मोजा घालून हिंडतो. पहाटे नखं कापतो, दुपारी तीच गत. मला त्याची कीव यायला हवी. येत नाही.

त्या रात्री शिष्य नखांतच गुंतलेला असताना साडूनं गिटार आणि ती वही, दोन्ही पेटीत घालून घरी आणली. कुलूप लावलं. किल्ली उशाखाली. सकाळी उघडलं तर वहीवरचं नाव गेलेलं. खोडलेलं नाही. तेवढ्या जागेत कागदाला आरपार भोक.

वही त्यानं माझ्याकडे ठेवली. त्याच्या घरी नको म्हणाला. ही घ्या.

फाटलेल्या कागदाची कड खरखरीत असते. ह्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवा...

लागली हाताला? घासलेल्या नखासारखी गुळगुळीत.